खुर्ची विकली, माणूस कुठाय?

८ ऑक्टोबर १९८८ ची रात्र. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, बॅटन रूज गावी, विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातल्या भूकंपमापकाची सुई अचानक थरथरली आणि पुन्हा गप्प झाली. जमिनीच्या पोटात काहीच घडलं नव्हतं. शेजारच्या टायगर स्टेडियमवर एलएसयूच्या, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, पोरांनी फुटबॉलचा सामना संपायला दोन मिनिटंही उरली नसताना ऑबर्न विद्यापीठाविरुद्ध टचडाउन केलं होतं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला होता, आणि सुमारे ७९,००० माणसांनी एकदम उड्या मारल्या होत्या. एलएसयू ७-६ ने जिंकलं. लोक त्या सामन्याला आजही ‘भूकंपाचा सामना’च म्हणतात.

हा फुटबॉल म्हणजे तिकडचा. चेंडू लंबगोल, आणि बहुतेक वेळ तो पायाने मारायचा नसून काखेत धरून पळायचा. खेळणारे कॉलेजातले विद्यार्थी, पण मैदानं अशी की आपण तोंडात बोट घालावं. ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. आपलं वानखेडे तीनदा भरलं, तरी तिथे काही हजार खुर्च्या उरतील. ८ नोव्हेंबर १९७५ पासून, कोरोनाचं २०२० साल सोडलं तर, तिथल्या घरच्या एकाही सामन्याची नोंदलेली गर्दी लाखाच्या खाली गेलेली नाही.

‘नोंदलेली’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. वरच्या गटातल्या कॉलेज संघांची घरच्या सामन्यांची सरासरी गर्दी २०१८ साली ४२,००० च्या आत आली होती, गेल्या बावीस वर्षांतली सर्वांत कमी. पण त्याच वर्षी वॉल स्ट्रीट जर्नलने विद्यापीठांकडून फाटकावर स्कॅन झालेल्या तिकिटांचे आकडे मागवले, तेव्हा ते जाहीर झालेल्या गर्दीच्या सरासरी ७१ टक्केच निघाले. म्हणजे छापलेल्या दहा माणसांतली सात प्रत्यक्ष आली होती. बाकीची तीन तिकिटं कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये किंवा फोनमध्ये पडून होती.

तिकीट खपवणं आणि माणूस आणणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बऱ्याच विद्यापीठांनी वर्षानुवर्षं त्यातलं पहिलंच केलं. तिकीट खपेना की स्वस्त करायचं, तरी खपेना की फुकट वाटायचं. फुकटच्या पासाचं काय होतं हे नाटकवेड्या मराठी माणसाला सांगायला नको. बाहेर हाउसफुल्लची पाटी आणि आत पाहुण्यांसाठी राखलेल्या मधल्या दोन रांगा मोकळ्या!

याचा एक देखणा प्रयोग झाला, तोही नाट्यगृहातच. आर्क्स आणि ब्लूमर या दोन मानसशास्त्रज्ञांनी ओहायो विद्यापीठाच्या थिएटरमध्ये अख्ख्या हंगामाचं तिकीट घ्यायला आलेल्या पहिल्या ६० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं. काहींना पूर्ण किमतीला, १५ डॉलरला, तिकीट दिलं. काहींना २ डॉलरची सूट, काहींना ७ डॉलरची. नाटकं तीच, खुर्च्या त्याच, आवडही सारखीच, कारण सगळे आपणहून आले होते. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेल्यांनी सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकं पाहिली. खिशातून गेलेले पैसे परत येणार नसतात, तरी ते वसूल करायला माणूस घराबाहेर पडतो. १९८५ मध्ये हा निबंध छापून आला आणि अर्थशास्त्राच्या वर्गात अजूनही सांगितला जातो.

त्याचं शेपूट मात्र बहुतेक जण सांगत नाहीत. दुसऱ्या अर्ध्यात हा फरक जवळपास विरला. गेलेल्या पैशाची कळ काही महिन्यांत बोथट होते. फुटबॉलचं हंगामी तिकीट उन्हाळ्याच्या आधी घेतलेलं असतं आणि शेवटचे सामने नोव्हेंबरच्या थंडीत. तोवर ती कळ कुठून उरणार? पैसे हप्त्यांनी घेतले तर माणसं शेवटपर्यंत येत राहतील, असं मला वाटतं. हा माझा तर्क, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे.

अलाबामा विद्यापीठाचं दुखणं उलटं. तिथला संघ इतका जिंकायचा की मध्यंतरापर्यंत निकाल लागलेला असायचा आणि विद्यार्थी उठून चालू पडायचे. प्रशिक्षक निक सेबन यावर जाहीरपणे चिडले होते. सायमन रॉटनबर्ग या अर्थतज्ज्ञाने १९५६ सालीच मांडलं होतं की निकालाची अनिश्चितता हाच खेळाच्या बाजारातला खरा माल आहे. अलाबामाकडे तेवढाच माल संपला होता! २०१९ मध्ये विद्यापीठाने ॲप काढलं: सामन्याला आलात तर १०० गुण, चौथ्या, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत थांबलात तर आणखी २५०. विद्यार्थी मैदानात आहे की नाही, हे फोनच्या लोकेशनवरून कळायचं आणि गुणांवर मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत अग्रक्रम मिळायचा. पाळतीवरून टीका झाली, ती रास्तच होती. मला वेगळीच गंमत वाटते: ॲपला फोन बसलेला दिसतो, माणूस नाही.

मग माणूस येतो कशासाठी? याचं उत्तर शोधणारा जुना आणि माझा सर्वांत आवडता अभ्यास कॉलेज फुटबॉलवरच आहे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात विद्यापीठांत दर सोमवारी वर्गात बसून फक्त मुलांचे कपडे मोजले. शनिवारी संघ जिंकला असेल, तर सोमवारी विद्यापीठाचं नाव, रंग किंवा बोधचिन्ह असलेले कपडे जास्त अंगांवर दिसायचे. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांना फोन केले, सहा प्रश्नांची छोटी परीक्षा घेतली, आणि काहींना उगाचच ‘तुम्ही फार चुकलात’ असं सांगितलं. त्यानंतर हळूच विचारलं, परवाच्या सामन्यात काय झालं हो? जिंकलेल्या सामन्याबद्दल ‘आपण जिंकलो’ म्हणण्याकडे कल, हरलेल्याबद्दल ‘ते हरले’. आणि नुकतंच नाक कापलं गेलेली मुलं या ‘आपण’ला जास्तच चिकटत होती. १९७६ चा हा निबंध वाचताना भारत-पाकिस्तान सामन्यानंतरची आपल्या नाक्यावरची भाषा आठवते.

यावरून ‘जिंका म्हणजे लोक येतील’ असा सोपा अर्थ काढला जातो. तो पुरता खरा नाही. नेब्रास्का विद्यापीठाचं मेमोरियल स्टेडियम ३ नोव्हेंबर १९६२ पासून कागदोपत्री प्रत्येक सामन्याला हाउसफुल्ल आहे, आणि त्यात २०१७ ते २०२३ ही जिंकल्यापेक्षा जास्त हरण्याची सलग सात वर्षंही येतात. (मध्ये मालिका तुटायला आली तेव्हा देणगीदारांनी तिकिटं घेऊन गरजू मुलांना दिली, हेही खरं.) कोलोरॅडोने २०२३ मध्ये बारातले आठ सामने हरूनही घरच्या सगळ्या सामन्यांना मैदान भरलं, कारण त्या वर्षी एके काळचे नामांकित खेळाडू डिऑन सँडर्स प्रशिक्षक म्हणून आले होते. लोकांना ‘आपण’ म्हणायला काहीतरी लागतं. विजय हे त्यातलं एक कारण, पण हरण्यातही सोबत असल्याचा अभिमान मिरवता येतो.

टीव्हीवर खापर फोडणं जुनंच आहे. प्रेक्षक घरी बसतील या धास्तीने महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, १९५१ पासून सामन्यांच्या प्रक्षेपणावर बंधनं घातली होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उडवली आणि सामन्यांचा पूर आला. पण टीव्हीचा खरा फटका मैदानात बसलेल्याला बसतो. कडेला लाल टोपीवाला एक माणूस असतो. तो मैदानात पाऊल टाकतो आणि सगळं ठप्प, कारण घरी जाहिराती सुरू झालेल्या असतात. घरचा माणूस तेवढ्यात चहा टाकतो. मैदानातला उन्हात किंवा गारठ्यात बावीस जणांना नुसतं उभं पाहतो. सामना तीन तासांहून जास्त लांबतो तो यामुळेही. २०२३ पासून दर फर्स्ट डाउनला, म्हणजे संघाने दहा यार्डांची मजल मारली की, घड्याळ थांबवणं बंद केलं, आता फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत ते थांबतं. पण जाहिरातींना हात लागलेला नाही.

काही उपाय मात्र डोकं लावून केलेले दिसतात. वेस्ट व्हर्जिनियाने २०११ मध्ये मैदानात बिअर विकायला सुरुवात केली आणि त्याच वेळी मध्यंतरात बाहेर जाऊन परत यायची मुभा काढली. आधी लोक पार्किंगमध्ये जाऊन घाईघाईने ढोसायचे, काही परतायचेच नाहीत. विक्री सुरू झाल्यावर दंगामस्ती वाढेल अशी भीती होती, ती उलट कमी झाली.

पेन स्टेट विद्यापीठाची युक्ती याहून साधी आहे: ठरलेल्या सामन्याला सगळ्यांनी पांढरं घालून यायचं. २००४ मध्ये फक्त विद्यार्थ्यांच्या बाजूने सुरुवात झाली, २००७ मध्ये अख्खं स्टेडियम पांढरं झालं. लाखभर पांढऱ्या सदऱ्यांत एक रिकामी खुर्ची लांबूनही दिसते. चाल्डिनींनी सोमवारी मोजलेले कपडे इथे शनिवारीच, निकालाच्या आधी, अंगावर चढतात. न आलेल्याला आपण कशातून तरी वगळले गेलो असं वाटतं, आणि कुठल्याही सवलतीने ते वाटत नाही.

आयोवामध्ये २०१७ पासून याचं आणखी एक रूप दिसतं. किनिक स्टेडियमला लागूनच मुलांचं रुग्णालय आहे. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांतून मैदान दिसतं. एका चाहत्याने सुचवलं आणि रीत पडली: पहिला डाव संपला की सुमारे ७०,००० माणसं खेळाकडे पाठ फिरवतात, मान वर करतात आणि त्या खिडक्यांकडे बघून हात हलवतात. दोन्ही संघांचे खेळाडू आणि पंचही. काचेमागे सलाइन लावलेली पोरं उलट हात हलवतात.