टिंब वर की खाली? भातखंडे लिपी आणि पलुस्कर लिपी

म्युझिकला ॲडमिशन घेतलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय, कारण भातखंडे आणि पलुस्कर या गाणं कागदावर लिहायच्या दोन पद्धती, आणि माझे पहिल्या वर्षाचे कितीतरी महिने या दोन्हींच्या गोंधळात गेले आणि कुणी दहा मिनिटं शेजारी बसून नीट सांगितलं असतं तर गेले नसते.

झालं असं की अक्कलकोटला ज्यांच्याकडे मी लहानपणापासून शिकले त्या गुरुजींनी मला त्यांची जुनी वही दिलेली, शाईपेननं लिहिलेली, पानं पिवळी पडलेली. आणि इकडे सोलापूरला कॉलेजात भातखंडे लिपी शिकवलेली, तीच डोक्यात पक्की बसलेली. सकाळच्या एसटीत वही उघडली, भूप रागाची बंदिश (म्हणजे बांधलेली चीज) निघाली, आणि प्रत्येक स्वराखाली आडवी रेघ. भातखंडेंच्या लिपीत खाली रेघ म्हणजे कोमल, म्हणजे थोडा उतरलेला स्वर, मग मी रे ग ध तिन्ही कोमल धरून सोलापूर येईपर्यंत पाठ केलं आणि तासाला गायले. मॅडमनी मधेच थांबवलं, म्हणाल्या, "अगं ही तर भूपाल तोडी झाली, वेगळाच राग, भूप कुठंय यात?"

वही बरोबरच होती, फक्त ती पलुस्कर लिपीत होती. तिथं स्वराखालची आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, तालाचा एक ठोका, कोमलशी तिचा काही संबंध नाही. आणि खूण तर समोरच होती की, सा आणि प च्या खाली पण रेघा होत्या! सा आणि प हे अचल स्वर, ते कोमल होतच नाहीत, त्यामुळं सा किंवा प खाली रेघ दिसली की डोळे झाकून समजायचं, ही पलुस्कर लिपी आहे.

मग पलुस्करांमध्ये कोमल कसा दाखवतात, तर अक्षराचा पाय मोडतो तसं चिन्ह स्वराला लावतात. भातखंडेंमध्ये तीव्र म, म्हणजे चढलेला म, त्याच्यावर उभी रेघ असते. आता गंमत बघा, पलुस्करांमध्ये डोक्यावर उभी रेघ म्हणजे तार सप्तक, वरच्या पट्टीतले स्वर! आणि टिंब तर सरळ उलटंच. भातखंडेंमध्ये टिंब वर असलं की तार, खाली असलं की मंद्र म्हणजे खालचं सप्तक, आणि पलुस्करांमध्ये टिंब वर असलं की मंद्र. म्हणजे एकच टिंब वाचण्यात चुकलं की स्वर थेट दोन सप्तकं इकडचा तिकडे.

तालाचं पण तसंच. तीनताल भातखंडे पद्धतीनं लिहिला तर समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) गुणिले, मग दुसऱ्या टाळीला 2, मग 'खाली'ला (जिथं टाळी देत नाहीत तिथं) शून्य, मग तिसऱ्या टाळीला 3. पलुस्कर पद्धतीत समेला 1, खालीला अधिक, आणि टाळीला ती ज्या मात्रेवर येते तो आकडा, म्हणजे 1, 5, अधिक, 13. आणि पलुस्करांमध्ये शून्य, गुणिले ही चिन्हं स्वराच्या खाली येतात, शून्य म्हणजे अर्धी मात्रा आणि गुणिले म्हणजे चार मात्रा. भातखंडेंमध्ये एका मात्रेत दोन-तीन स्वर आले की खाली चंद्रकोर काढून बांधायचे, बस.

रोजच्या वापराला भातखंडे लिपी सोपी, हे मी मान्य करते. भराभर लिहिता येते, आणि भातखंडेंची क्रमिक पुस्तकमालिका सहा भागांची, त्यात बंदिशी शेकड्यांनी, त्यामुळं झेरॉक्स काढलेल्या नोट्स बहुतेक याच लिपीत हातात येतात. पण पलुस्कर लिपीला जुनी म्हणून बाजूला टाकतात ते मला अजिबात पटत नाही. ही लिपी काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, एका गुरूसमोर एक शिष्य सोडून अख्खा वर्ग बसवून शिकवायला, आणि त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वर किती वेळ धरायचा हे कागदावरच दिसतं, पाव मात्रा, अष्टमांश मात्रा सुद्धा. लयकारी, म्हणजे लयीशी खेळणं, समजून घ्यायला मला तरी याचा फार उपयोग झाला. शिवाय विशारद या संगीत परीक्षेच्या लेखीला दोन्ही लिपी कराव्याच लागतात, त्यामुळं सुटका नाही.

माझ्यापुरतं मी एक करते, कुठलीही बंदिश उतरवली किंवा कुणाला फोटो पाठवला की वर कोपऱ्यात भा किंवा प लिहिते. प्लीज तुम्ही पण लिहा, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोत ते कुणीच लिहीत नाही आणि पुढचा वाचणारा अडकतो.

गुरुजींची वही आता रविवारी बसून परत उतरवतेय, डाव्या पानावर पलुस्कर, उजव्या पानावर भातखंडे. खमाज रागाच्या पानावर नि ला चिकटलेला एक फराटा मी इतके दिवस शाईचा डाग समजत होते, तो कोमल नि निघाला.