एमसीबी पडला की आरसीसीबी? स्वयंपाकघरातली वीज गेल्यावर आधी हे बघा

मिक्सर फिरता फिरता थांबतो, फ्रिजची घरघर बंद होते, मायक्रोवेव्हवरचे आकडे विझतात. मग कोणीतरी डीबीकडे, म्हणजे घरातले सगळे खटके असलेल्या पेटीकडे धावतं, खाली पडलेला खटका वर करतं आणि विषय संपतो. पडला कोणता होता, हे वायरमनने विचारलं की घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. खरं तर त्या एका उत्तरात निम्मं निदान असतं.

डीबीत रांगेने बसलेले अरुंद खटके म्हणजे एमसीबी. त्यांच्यावर ‘सी १६’, ‘सी २०’ असं छापलेलं असतं. आरसीसीबी साधारण दुप्पट रुंद असतो, त्यावर ३० मिलिअँपिअर असा आकडा आणि ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. बरेच वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. रुंद आहे पण बटण नाही, तर तो बहुधा मेन स्विच किंवा दोन पोलचा एमसीबी समजावा.

एमसीबी बघतो फक्त तारेतून किती करंट चाललाय ते. तो तार वाचवायला आहे, माणूस वाचवायला नाही. समजा, एकाच १६ अँपिअरच्या लाइनवर २००० वॉटची इंडक्शन शेगडी, १५०० वॉटची किटली, १२०० वॉट ओढणारा मायक्रोवेव्ह आणि ७५० वॉटचा मिक्सर एकदम चालू झाला. बेरीज ५४५० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ २४ अँपिअर. तरी खटका लगेच पडेलच असं नाही. आतली दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकायला वेळ घेते. क्षमतेच्या १.४५ पट करंटला तासाभराच्या आत पडावं, असा त्याचा नियम आहे. म्हणूनच “इतका वेळ तर सगळं चालू होतं” हे वाक्य ओव्हरलोडच्या बाबतीत हमखास ऐकू येतं. अशा वेळी एक-दोन उपकरणं बंद करा, पट्टी थंड व्हायला थोडी मिनिटं द्या आणि खटका आधी पूर्ण खाली ओढून मग वर करा. वर करताक्षणी फटकन पडला तर मात्र तो लोड नव्हे, शॉर्ट सर्किट आहे. पुन्हा पुन्हा चढवून बघू नका.

आरसीसीबीचा हिशेब निराळा. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो ताडून बघतो. तफावत पडली म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने जमिनीत जातोय: ओल्या भिंतीतून, गिझरच्या फुटलेल्या कॉइलमधून किंवा तुमच्या अंगातून. ही तफावत ३० मिलिअँपिअर झाली की तो पडतोच. ३० मिलिअँपिअर म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम ७ वॉट, एका लहान एलईडी बल्बइतकी वीज. १६ अँपिअरच्या एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही. उलट लोड कितीही वाढला तरी आरसीसीबी ढिम्म राहतो. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलात तर तोही वाचवेलच असं नाही, कारण त्याच्या लेखी हिशेब जुळलेला असतो.

अनेक घरांत सगळ्या लाइनींवर मिळून एकच आरसीसीबी असतो. त्यामुळे फ्रिजमध्ये लिकेज, म्हणजे करंटची अशी गळती असली तरी हॉलमधला पंखाही बंद पडतो. फक्त ओट्यावरचे प्लग मेले आणि बाकी घर चालू असेल, तर बहुतेक वेळा एमसीबी. सगळं घर गेलं, शेजाऱ्यांकडे दिवे आहेत आणि एमसीबी सगळे वर आहेत, तर आरसीसीबी.

आरसीसीबी पाडणारं दोषी उपकरण शोधताना बहुतेक जण इथेच चुकतात. नुसती बटणं बंद करून भागत नाही. बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं, उपकरणाच्या आत न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर बटण बंद असूनही आरसीसीबी पडू शकतो. हात कोरडे करून पिना उपसून काढा. मग खटका वर करा आणि एकेक पिन लावत जा. ज्या पिनेला पडला, ते उपकरण दुरुस्तीला. कधीकधी एकही उपकरण एकटं दोषी नसतं, सगळ्यांचं थोडंथोडं लिकेज मिळून १५ मिलिअँपिअरच्या वर गेलं की, ३० व्हायच्या आधीच, तो पडू शकतो. सगळ्या पिना काढूनही खटका वर राहत नसेल, तर दोष वायरिंगमध्ये. पावसाळ्यात भिंत ओलावल्यावर किंवा इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रल एकमेकांत मिसळले गेल्यावर असं होतं. तिथून पुढे वायरमनचंच काम.

आणि वायरमन आला की दोन ‘उपाय’ करू देऊ नका. १६ च्या जागी ३२ चा एमसीबी बसवला की तो पडायचा थांबतो खरा, पण भिंतीतली अडीच एमएमची तार तीच राहते आणि मग तापते ती. दुसरा उपाय, “सारखा पडतोय, डायरेक्ट करून टाकतो” म्हणत आरसीसीबी बायपास करणं. हा तर त्याहून वाईट.

काहीच पडलेलं नसेल तर? थ्री फेज कनेक्शन असेल आणि स्वयंपाकघर एका फेजवर असेल, तर तेवढी फेज गेली असण्याची शक्यता मोठी. महावितरणचे ग्राहक असाल तर १९१२ वर तक्रार नोंदवताना “एक फेज नाही” असं स्पष्ट सांगा. आणि एकच प्लग मेला असून त्याची प्लेट गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर त्या लाइनचा एमसीबी स्वतःच खाली करा.