तार घाटासाठी, लोकल मागाहून

पुणे–लोणावळा लोकलच्या मोटरमनला समोरच्या काचेतून जे दिसतं, त्यातलं बरंचसं लोकलसाठी उभारलेलंच नव्हतं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने 1929 मध्ये कल्याण–पुणे मार्गावर 1500 व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज आणली ती बोरघाटापायी. चढ 37 फुटांमागे एक फूट. कोळशाच्या इंजिनांची तिथे दमछाक व्हायची, मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागायची. त्यावर ‘खेकडा’ टोपणनावाचं विजेचं इंजिन आलं. मालगाडी घेऊन घाट उतरताना त्याच्या मोटरी उलट वीज तयार करून तारेत सोडायच्या, ब्रेकवरचा ताणही कमी व्हायचा. खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे गाडीची दिशा उलटी करून पुढे जायचं ठिकाण, त्याच वर्षी बंद झालं आणि 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन धावू लागली. थोडक्यात, मुंबईकरांची सोय आधी झाली.

मधल्या काळात खडकीच्या दारूगोळा कारखान्यापुढे पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग चिंचवड-आकुर्डीपर्यंत कारखाने पसरले. तरी पुण्याची लोकल सुरू व्हायला मार्च 1978 उजाडला. तार आणि रूळ तयार होतेच; लोकल तिथे भाडेकरू म्हणून राहायला आली.

ते भाडेकरूपण केबिनमध्ये बसल्यावर कळतं. 17 स्थानकं, थांबे जवळजवळ, नॉच (वेगाच्या हँडलचे टप्पे) वाढवून वेग धरावा तोवर पुढचा प्लॅटफॉर्म. शिवाय त्याच दोन मार्गिकांवरून मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्याही जातात. त्यामुळे मोटरमनची नजर सतत सिग्नलवर. दोन पिवळे दिसले की वेग आवरायची तयारी, एक पिवळा दिसला की पुढच्या सिग्नलला थांबायची. मागून एक्सप्रेस येत असेल तर लोकल बाजूला घेतात आणि डब्यातले लोक मोटरमनच्या नावाने बोटं मोडतात. बिचाऱ्याच्या हातात त्यातलं काहीच नसतं.

पुढे डीसी जाऊन 25,000 व्होल्टची एसी (दिशा बदलत वाहणारी) वीज आली, तेव्हा मात्र केबिनमधलं कामच बदललं. तेवढ्याच शक्तीला करंट साधारण सोळाव्या हिश्श्याने पुरतो, म्हणून तार हलकी आणि तारेला वीज पुरवणारी सबस्टेशनं लांब लांब. पण दोन सबस्टेशनांचा पुरवठा एकमेकांत मिसळू द्यायचा नसतो, त्यासाठी मध्ये न्यूट्रल सेक्शन, म्हणजे तारेचा वीज नसलेला तुकडा. फलक दिसला की मोटरमनने सर्किट ब्रेकर (गाडीची वीज तोडणारा स्विच) उघडायचा, बिनविजेच्या तुकड्यातून गाडी आपल्या वेगावर पुढे जाऊ द्यायची आणि पलीकडचा फलक ओलांडल्यावर ब्रेकर पुन्हा लावायचा.

विजेचा प्रश्न असा सुटला. गर्दी आहे ती रुळांवर, म्हणून प्रवासी तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची मागणी करत आलेत.