होमकमिंग: अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या शाळांमधला एक आठवडा

सप्टेंबर उतरणीला लागला की टेक्सास, नेब्रास्का, आयोवा, मिसूरीमधल्या छोट्या गावांत दुकानांच्या काचांवर हायस्कूलचे रंग चढतात. शुक्रवारी दुपारी मुख्य रस्ता मिरवणुकीसाठी बंद होतो आणि रात्री अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, मैदानावर गाव लोटतं. हे होमकमिंग. आपल्या गॅदरिंगचा डौल त्यात दिसतो, पण गॅदरिंग शिकत असलेल्या मुलांचं असतं आणि होमकमिंगची सुरुवात गाव सोडून गेलेल्यांना परत बोलवायला झाली. आज दिसणाऱ्या बऱ्याच प्रथांच्या मागे विजेचे दिवे, महायुद्ध आणि शाळेची पटसंख्या अशी रोखठोक कारणं आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू हॅम्पशायरमधली डोंगराळ शेती ओस पडत होती. तरुण मंडळी गिरण्यांच्या शहरांत नाहीतर पश्चिमेकडे निघून गेली होती. गव्हर्नर फ्रँक रोलिन्स यांनी १८९९ मध्ये 'ओल्ड होम वीक' सुरू केला आणि बाहेर गेलेल्यांना आठवडाभर गावी यायचं आवतण दिलं. आलेला माणूस गावच्या वाचनालयाला पैसे देईल, पडकं घर उन्हाळ्यासाठी विकत घेईल, असा त्यात सरळ हिशेब होता. माजी विद्यार्थ्यांच्या खिशाकडे पाहणाऱ्या कॉलेजांना ही कल्पना न पटती तरच नवल.

पहिलं होमकमिंग कोणाचं, यावर कॉलेजांत अजून वाद आहे. टेक्सासच्या बेलर विद्यापीठाने १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये मिरवणूक, शेकोटी आणि सामना असा बेत केला. इलिनॉय विद्यापीठाचं १९१० चं आहे. मिसूरी विद्यापीठाचा दावा १९११ चा, म्हणजे सर्वांत अलीकडचा. तरी आजच्या होमकमिंगमागचं गणित समजून घ्यायला तोच उपयोगी पडतो. कॅन्ससविरुद्धचा मोठा सामना आधी कॅन्सस सिटीत होत असे. सामने विद्यापीठाच्या आवारातच व्हावेत असा नियम आला आणि तो कोलंबिया या छोट्या गावात आणावा लागला. एवढ्या आडगावी प्रेक्षक आणायचे कुठून? क्रीडा संचालक चेस्टर ब्रुअर यांनी माजी विद्यार्थ्यांनाच 'घरी या' म्हणून बोलावलं. २५ नोव्हेंबर १९११ रोजी नऊ हजारांहून जास्त लोक जमले आणि सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. तिकडे कॅन्ससच्या लॉरेन्स गावात हजारावर लोक मैदानाच्या मोठ्या प्रतिकृतीसमोर उभे राहून तारेने येणारा खेळ 'पाहत' होते.

हायस्कुलांकडे हा सण यायला वेळ लागला, कारण बोलवायला माजी विद्यार्थीच नव्हते. १९१० च्या सुमारास अमेरिकेत शंभरातली जेमतेम नऊ मुलं हायस्कूल पूर्ण करत. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेलं. मधल्या तीस वर्षांत गावोगावी इमारती उभ्या राहिल्या, बँड आले, संघ आले. लाकडाच्या वखारीपासून बँकेपर्यंत सगळीकडे एकाच शाळेतून बाहेर पडलेली माणसं दिसू लागली, तेव्हा होमकमिंगला जीव आला.

शुक्रवारची रात्र ठरली ती दिव्यांमुळे. विजेच्या प्रकाशात पहिला फुटबॉल सामना पेनसिल्व्हेनियातल्या मॅन्सफिल्डला १८९२ मध्ये झाला, पण उजेड इतका अपुरा होता की मध्यंतरालाच ०-० वर थांबवावा लागला. १९२० आणि १९३० च्या दशकांत खांबांवरचे प्रखर दिवे आवाक्यात आले आणि हायस्कुलांचे सामने दुपारवरून रात्री सरकले. शेतकऱ्याला आणि दुकानदाराला आता काम आटोपून येता येई. पुढे टीव्ही आला तेव्हा या रात्रीला कायद्याने संरक्षण दिलं. १९६१ च्या आणि १९६६ मध्ये सुधारलेल्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यानुसार सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर, हायस्कूल वा कॉलेजच्या सामन्यापासून ७५ मैलांच्या आत व्यावसायिक फुटबॉल दाखवला, तर व्यावसायिक लीगला मक्तेदारीविरोधी कायद्यातली सवलत मिळत नाही. शाळांच्या तिकीटविक्रीचा इतका विचार करणारं कलम क्वचितच सापडेल.

अकरा खेळाडूच जमत नसतील तर? मंदीच्या काळात नेब्रास्कातल्या चेस्टर इथे स्टीफन एप्लर या शिक्षकाने १९३४ मध्ये सहा जणांचा फुटबॉल तयार केला. मैदान ८० बाय ४० यार्डांचं, चेंडू आपल्याकडे राखायला दहाऐवजी पंधरा यार्ड, आणि ४५ गुणांची आघाडी झाली की दुसऱ्या अर्धात सामना तिथेच संपतो. टेक्सासच्या पश्चिम भागात तो अजून जोरात आहे. अशा शाळेत मध्यंतराला बँडमध्ये वाजवणारा मुलगा खेळाडूच्या पोशाखातच असतो, कारण दोन्हीकडे पुरतील इतकी मुलंच नसतात.

आठवड्याचा क्रम साधारण सगळीकडे सारखा. सोमवार ते गुरुवार वेगवेगळ्या वेषांचे दिवस, शुक्रवारी शाळेचे रंग, जिममध्ये घोषणांची सभा, मिरवणूक, सामना आणि शनिवारी नाच. पन्नाशीच्या दशकात नाचाआधी बूट काढायला लावत ते जिमच्या लाकडी फरशीचं पॉलिश खराब होऊ नये म्हणून. मुलींच्या 'पावडरपफ' फुटबॉलचा नोंदलेला सुरुवातीचा सामना १९४५ चा, दक्षिण डकोटातल्या मॅडिसनच्या शिक्षक महाविद्यालयातला. महायुद्धामुळे मुलगे नव्हते, म्हणून मुली उतरल्या.

खरे कष्ट चित्ररथात असतात. शेतातला सपाट ट्रेलर, त्यावर लाकडी सांगाडा, सांगाड्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी आणि जाळीच्या प्रत्येक छिद्रात बोटावर गुंडाळून खोचलेला टिश्यू कागद. एक इंची जाळीत चौरस फुटाला सुमारे १६५ छिद्रं येतात. वीस फूट लांब आणि चार फूट उंच अशी एकच बाजू भरायची तर तेरा हजारांवर कागद लागतात. दोन इंची जाळी घेतली की काम चौथाईवर येतं, पण त्याच आकाराचा कागद सैल बसतो आणि मिरवणुकीच्या वाऱ्यात उडून जातो. पाऊस आला तर रंग ओघळतात, म्हणून रथ आदल्या रात्री धान्याच्या कोठारात ठेवतात. उंचीचा विचार शेवटी केला तर रथ कोठाराच्या दारातून बाहेरच पडत नाही किंवा रस्त्यावरच्या तारांना अडतो. कागद सहज पेट घेतो, त्यामुळे ट्रॅक्टरचा धूर सोडणारा पाइप सजावटीपासून दूर ठेवावा लागतो आणि अग्निशामक नळकांडं रथावरच असावं लागतं.

मध्यंतरात विद्यार्थ्यांमधून निवडलेल्या राजा-राणीचा राज्याभिषेक करण्यात वेळेची ओढाताण होते. हायस्कूलच्या राष्ट्रीय नियमांत मध्यंतर १५ मिनिटांचं. आधी संमती घेतली तर २० पर्यंत वाढवता येतं. बँडचा कार्यक्रम आठ मिनिटं, आठ जोड्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने चालत आल्या की चार, मुकुट आणि फोटो तीन. पंधरा मिनिटं भरली, आणि बँड अजून मैदानातून बाहेर पडायचा आहे. राजेपदाचा उमेदवार संघात असला तर प्रशिक्षकाचं बोलणं त्याच्या हातचं जातं. बऱ्याच शाळा हा सोहळा आता सामन्याआधी उरकतात, आणि ते योग्यच आहे.

टेक्सासचा थाट वेगळा. तिथे मुलीला शेवंतीचं फूल ('मम') द्यायची रीत होती. खरं फूल उन्हात कोमेजतं आणि फितींचं वजन पेलत नाही, म्हणून त्याची जागा रेशमी फुलाने घेतली. मग पुठ्ठ्याचा आधार, त्याभोवती स्टेपल केलेल्या फितींचे वळे, खाली गुडघ्यापर्यंत झालर, घंटा, टेडी असं ते वाढत गेलं. शेवटच्या वर्षाच्या मुलींचं सहसा पांढरं आणि चंदेरी असतं. पिनेने कपडा फाटतो, म्हणून हे 'मम' गळ्यात पट्ट्याने अडकवतात. तापलेल्या गाडीत ठेवलं तर गरम गोंद सुटतो. डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी आईबापांनी ते आठवडाभर आधी करायला घ्यावं. आदल्या रात्री दुकानात हव्या त्या रंगाची फीत मिळेलच असं नाही.

शेकोटीची प्रथा मात्र आवरती घ्यावी लागली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्याआधी रचलेली ओंडक्यांची उतरंड १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे कोसळली. १२ जण मेले, २७ जखमी झाले. वरचे ओंडके खालच्या थरात पाचरीसारखे घुसले आणि बाहेर ढकलणारा दाब तारांच्या बांधणीला झेपला नाही. हायस्कूलने शेकोटी करायचीच तर ती ठेंगणी, रचायला सोपी आणि अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली असावी.

या सणावर सर्वांत मोठा घाव घातला तो शाळांच्या विलीनीकरणाने. १९३९-४० मध्ये अमेरिकेत १ लाख १७ हजारांहून जास्त शालेय जिल्हे (शाळा चालवणारी स्थानिक मंडळं) होते. आज तेरा हजारांच्या आसपास आहेत. दक्षिणेत १९६०-७० च्या सुमारास वर्णभेद मोडताना अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांची हायस्कुलंच बंद केली गेली. मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जावं लागलं आणि त्यांचे रंग, बोधचिन्ह, चषक मागे राहिले. एकत्र येण्याची किंमत एकाच बाजूने मोजली, हे या इतिहासात ठळकपणे सांगायला हवं. अशा बंद शाळांच्या माजी विद्यार्थी संघटना आजही मेळावे भरवतात. संघ नाही, मैदान नाही, तरी मिरवणूक निघते. मिडवेस्टमधल्या जोडशाळांनी दुसरा मार्ग काढला: दोन गावांची नावं जोडून एक संघ, आणि मिरवणूक एका वर्षी या गावात, पुढच्या वर्षी त्या.