अतिउच्च दाबाचे खडक

जमिनीखाली ९०-१०० किमी किंवा त्याहून खोल जाऊन परत वर आलेले खंडाच्या कवचाचे खडक. ग्रॅनाइट, ग्नाइस असले खडक मँटलपेक्षा (कवचाखालच्या जड थरापेक्षा) हलके, ते एवढे खोल जाणारच नाहीत असं भूवैज्ञानिक बरीच वर्षं धरून चालायचे. १९८४ ला भूवैज्ञानिक ख्रिश्चन शोपँ यांना आल्प्समधल्या डोरा मायरात गार्नेटच्या (एका कडक खनिजाच्या) आत कोएसाइट मिळालं आणि त्याच वर्षी नॉर्वेतूनही मिळालं, मग विषयच बदलला. कोएसाइट म्हणजे आपली गारगोटी (क्वार्ट्झ), फक्त प्रचंड दाबाखाली अणू घट्ट बसलेली, त्याला साधारण २.७ गिगापास्कल दाब लागतो, म्हणजे साधारण ९० किमी खाली असतो तेवढा. कझाकस्तानच्या कोकचेताव भागात तर गार्नेट आणि झिरकॉन या खनिजांमध्ये बारीक हिरे सापडलेत.

वर येताना कोएसाइटचं परत क्वार्ट्झ होतं, पण गार्नेट कडक असल्याने आतला दाब धरून ठेवतं म्हणून मधे थोडं शिल्लक राहतं. मायक्रोस्कोपखाली हे बघण्यासारखं असतं: मधे कोएसाइटचा ठिपका, भोवती क्वार्ट्झची झालर, आणि क्वार्ट्झ फुगल्यामुळे गार्नेटला चहूबाजूंनी गेलेले तडे. माझ्या मते हे तडे कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त पटवून देतात.

वर येताना खडक वितळल्याचा पुरावाही गार्नेटमध्येच असतो. खडक गरम असतानाच दाब उतरला की फेंजाइट नावाचा पांढरा अभ्रक मोडतो, त्यातलं पाणी सुटतं आणि खडक थोडा थोडा वितळायला लागतो, त्या रसाचे काही मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे) थेंब गार्नेटमध्ये अडकून तिथेच क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक होऊन थिजतात. लॅबमध्ये दाबाखाली तापवून त्यांची परत काच करतात आणि मूळ रसात काय होतं ते मोजतात. मात्र खडक जास्त वितळला तर कोएसाइट पुसलं जातं, म्हणून नुसतं क्वार्ट्झ दिसलं म्हणून खडक खोल गेलाच नव्हता असं म्हणता येत नाही.

मुंबईत हे खडक नाहीत, इथे अंधेरीच्या गिल्बर्ट हिलपासून बहुतेक डेक्कनचा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. भारतात बघायचे तर लडाखला, त्सो मोरारीला. पण प्लेट (कवचाचा सरकणारा तुकडा) एकच आहे हो! साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इकडे लाव्हा वाहत होता तेव्हा ती उत्तरेकडे सरकतच होती, आणि त्यानंतर साधारण दीड कोटी वर्षांनी तिचीच उत्तरेची कड आशियाखाली गेली, तिथल्या एक्लोजाइटच्या (मोठ्या दाबाखाली बेसॉल्टचा होणाऱ्या खडकाच्या) गार्नेटमध्ये कोएसाइट मिळालंय.