तरंगती पवनचक्की थकते कशी

नाशिकहून सटाणामार्गे साक्रीकडे गेलं की ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात. त्यातली एखादी बिघडली तर क्रेन रस्त्याने वर जाते. स्कॉटलंडच्या पीटरहेडसमोर 2017 पासून पाच चक्क्या वीज देताहेत, प्रत्येकी 6 मेगावॉटच्या. तिथे समुद्र शंभरेक मीटर खोल आहे, त्यामुळे त्या तळाला रोवलेल्याच नाहीत. साखळ्यांनी बांधलेल्या, तरंगत्या. प्रकल्पाचं नाव हायविंड.

वादळात उलटत नाहीत का? नाही. चक्कीखालचा पोलादी दंडगोल ऐंशीएक मीटर बुडालेला असतो आणि त्याच्या तळाशी जड भार भरलेला असतो. उलटण्याची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. काळजी आहे ती फटीगची, म्हणजे तोच ताण पुन्हापुन्हा येऊन धातू थकण्याची.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या शॉपफ्लोअरवर तुटलेला शाफ्ट हातात घेतलेल्याला हे दाखवायला नको. तुटलेल्या तोंडाचा बराच भाग गुळगुळीत असतो, त्यावर शिंपल्यासारख्या कमानदार रेषा. उरलेला भाग खडबडीत. रेषांच्या भागात चीर हळूहळू सरकत गेलेली, खडबडीत भाग शेवटच्या झटक्यात गेलेला. भार तोच, फक्त लाखो वेळा आलेला.

समुद्रात लाखांवर भागत नाही. दर आठ सेकंदांना एक लाट धरली तर 25 वर्षांत सुमारे 10 कोटी लाटा होतात. वेल्डिंगच्या जोडांचा ढोबळ नियम असा की ताणाचा चढउतार दुप्पट झाला की आयुष्य आठवा हिस्सा उरतं. त्यात खारं पाणी. कोरड्या हवेत पोलाद एका मर्यादेखालचा ताण जवळपास कितीही वेळा सोसतं. गंज लागायला मोकळं सोडलं तर ती मर्यादाच राहत नाही.

साखळ्यांचा धडा तेलवाल्यांनी आधीच घेतलाय. अंगोलासमोरच्या गिरासोल तेलक्षेत्रात 2002 मध्ये एका बोयाच्या, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाच्या, जाडजूड साखळ्या वर्षाच्या आत तुटल्या. हिशेब ओढीचा केला होता. कड्या आडव्या वाकत होत्या, ते धरलंच नव्हतं.

आणखी एक भानगड कंट्रोलची. वारा जोरात असला की पाती आपल्या अक्षाभोवती वळून जादा वारा सोडून देतात, रेटा कमी होतो. तरंगती चक्की डोलत पुढे झुकते तेव्हा तिला वारा वाढल्यासारखा भासतो. पाती वळतात, रेटा घटतो, ती आणखी पुढे जाते. मागे येताना उलट. डोलणं शमायचं सोडून वाढत जातं! म्हणून पात्यांची हालचाल मुद्दाम संथ ठेवतात.

आणि दुरुस्ती? नाशिकजवळच्या ओझरला ओव्हरहॉलसाठी येणारं सुखोई विमान स्वतः उडत येतं. हायविंडच्या पाचही चक्क्या 2024 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी टगबोटींनी ओढत नॉर्वेला न्याव्या लागल्या. त्यासाठी आधी साखळ्या आणि केबल सोडा, शांत समुद्राची वाट पाहा, परत आणून पुन्हा जोडा. काही महिने वीज बंद. स्कॉटलंडमधल्याच किनकार्डिन प्रकल्पातली एक चक्की 2022 मध्ये अशीच रॉटरडॅमला गेली होती.

तळावर पाय रोवून उभी राहणारी क्रेनची जहाजं एवढ्या खोलीत चालत नाहीत, आणि तरंगत्या जहाजावरून उचलायचं तर हुकही हलतो आणि चक्कीही. म्हणून 2024 मध्ये किनकार्डिनला क्रेन चक्कीवरच चढवून जनरेटर जागेवर बदलला गेला, ते मला नव्या अजस्र पात्यांपेक्षा मोलाचं वाटतं. आपल्याकडे खंबातच्या आखातात पाणी उथळ आहे, तिथे खांब रोवूनच भागेल.