किन्जो की कानेशिरो? एका ओकिनावी आडनावाची पार्श्वभूमी

ताकेशी कानेशिरो हा तैपेईत जन्मलेला नट. आई तैवानची, वडील मूळचे जपानच्या ओकिनावाचे. गंमत अशी, की तो आडनावासाठी जी दोन चिनी अक्षरं लिहितो, तीच लिहिणारी ओकिनावातली बहुतेक घरं आज स्वतःला 'किन्जो' म्हणवतात. ही अक्षरं अर्थ दाखवतात, आणि जपानीत एकाच अक्षराचे वेगवेगळे उच्चार होऊ शकतात.

पहिल्या अक्षराचा अर्थ सोनं किंवा धातू, दुसऱ्याचा किल्ला. मराठीत सरळ 'सोनगड' म्हणता येईल. पण या अर्थावर फार विसंबू नये. बेटांवरचा जुना उच्चार 'कानागुशिकु' असा होता. त्यातला 'गुशिकु' किंवा 'गुसुकु' म्हणजे दगडी तटाची जागा. तिथे कधी सरदाराचा वाडा असे, कधी पूजास्थान. लिहिताना त्याला किल्ल्याचं अक्षर लागलं, इतकंच. जुनी राजधानी शुरी इथे याच दोन अक्षरांच्या नावाची वस्ती आहे आणि तिची दगडी फरसबंदी वाट आजही पाहायला मिळते. ओकिनावातली बहुतेक आडनावं अशीच गावांवरून पडलेली आहेत. आपल्याकडच्या पेणकर-सातारकरांना हे समजावून सांगायला नको.

ओकिनावा म्हणजे पूर्वीचं र्‍युक्यूचं स्वतंत्र राज्य. 1879 मध्ये जपानने ते खालसा करून आपला प्रांत केलं. मग भाषेबरोबर नावंही 'जपानी' वळणाची करण्याचा दबाव आला. 'कानागुशिकु'चं 'कानेशिरो' झालं, 'किन्जो'ही झालं. 1930च्या दशकात तर शिक्षणक्षेत्रातल्या मंडळींनीच आडनावांचे उच्चार बदलण्यावर जोर दिला. बदल सोपाही होता, कारण जपानच्या सरकारी कुटुंबनोंदवहीत फक्त अक्षरं लिहिली जात, उच्चार नव्हे. घरच्यांनी वेगळं वाचायला सुरुवात केली की काम झालं.

परदेशी गेलेल्यांना ही सोय नव्हती. जानेवारी 1900 मध्ये 26 ओकिनावी मजूर उसाच्या मळ्यांवर राबायला हवाईत उतरले. 1908 मध्ये 'कासातो मारू' जहाजाने ब्राझीलच्या सांतोस बंदरात 781 करारबद्ध जपानी उतरवले, त्यातले 325 ओकिनावाचे होते. आज जपानच्या लोकसंख्येत ओकिनावाचा वाटा जेमतेम एक टक्का आहे, हे लक्षात घेतलं की हा आकडा किती मोठा ते कळतं. गावाच्या सामाईक जमिनीची जुनी पद्धत शतकाच्या वळणावर मोडली, तशी माणसं गाव सोडायला मोकळी झाली. पुढे 1920च्या दशकात साखरेचे भाव कोसळले आणि लोकांवर सायकॅडसारखं विषारी झाड नीट प्रक्रिया करून खायची वेळ आली. हवाई, ब्राझील, पेरू, अर्जेंटिना इथे हिगा, ओशिरो, कानेशिरो ही आडनावं इतकी भेटतात त्यामागे जमिनीतला तो बदल आणि ही उपासमार, दोन्ही आहेत. अर्जेंटिनात तर जपानी वंशाच्या लोकांत ओकिनावीच जास्त.

तिथे नाव रोमन लिपीत नोंदलं गेलं आणि त्या वेळचा उच्चार कागदावर थिजला. म्हणून एकाच कुळाची एक शाखा होनोलुलूत कानेशिरो आणि दुसरी ओकिनावाची राजधानी नाहात किन्जो असू शकते. रोमन अक्षरांवरून हे नातं ओळखू येत नाही; त्यासाठी मूळ अक्षरंच पाहावी लागतात.

जपानच्या नोंदवहीत नावाचा उच्चार लिहायला कायद्याने सुरुवात झाली ती थेट 26 मे 2025 रोजी.